आम्हाला धोका कळतो : दरडप्रवण वाडीतून जिल्हा प्रशासनाला खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

महोदय,

यंदाही मे महिना संपता संपता आमच्या समाजमंदिराच्या दारावर नोटीस लागली. मजकूर दरवर्षीचाच. आपले घर दरडप्रवण क्षेत्रात येत असल्याने पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी स्थलांतरित व्हावे, अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस आपण स्वतः जबाबदार राहाल. प्रत्येक घरातून एकाची सही घेतली गेली. आमच्या घरातून मी केली. सुरक्षित ठिकाण म्हणजे कुठलं, तिथे कुणी न्यायचं आणि किती दिवस राहायचं, याबद्दल त्या कागदावर एक ओळही नाही.

नंतर तालुक्याला मान्सूनपूर्व बैठक झाली. तिथे एका अधिकाऱ्यांनी सांगितलं की डोंगरातल्या लोकांना हवामान बदलाचा धोका समजत नाही, वारंवार सांगूनही ते घरं सोडत नाहीत, त्यामुळे यंदा जनजागृतीवर भर द्यायचा आहे. बचत गटाच्या आम्ही बायका मागे बसलो होतो. बोलायची संधी मिळाली नाही, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहिते आहे, कारण पोलादपूर, महाड, खेड, चिपळूण, पाटण या पट्ट्यातल्या कितीतरी वाड्यांच्या दारांवर हीच नोटीस लागते. आमच्या वाडीचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. वाचणाऱ्याने आपल्या माहितीतल्या कुठल्याही वाडीचं नाव तिथे घालावं.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं : धोका आम्हाला कळतो. जायला जागा नाही म्हणून आम्ही जात नाही. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे सरकारी यंत्रणा वर्षानुवर्षं आम्हाला समजावण्यात वेळ घालवते आणि जागेचं काम तसंच राहतं.

आमच्या घरामागे थोडी वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, त्यावर रान, त्याच्या वर कडा. काळ्या कातळावर मुरमाचा आणि लाल मातीचा थर आहे. पाणी त्या थरात भरत जातं, कातळापर्यंत पोचतं आणि वरची माती सुटते. हे सांगायला आम्हाला कुणी शास्त्रज्ञ लागला नाही. बांध कसा सुटतो हे ज्याने बघितलंय त्याला डोंगर कसा सुटेल हे कळतं. माझ्या सासूबाई सांगतात, पूर्वी आषाढात झड लागायची, आठवडाभर ऊन दिसायचं नाही, पण तो पाऊस मुरायचा आणि वहाळातून निघून जायचा. आता जूनमध्ये रोपं करपतात की काय या काळजीने आभाळाकडे बघायचं आणि जुलैत दोन रात्रींत सगळा पाऊस अंगावर घ्यायचा. त्यांची शाळा चौथीपर्यंत झाली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आलं आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा त्यात मोठा वाटा आहे. सासूबाईंचं आणि शास्त्रज्ञांचं म्हणणं इतकं जुळत असेल, तर लोकांना बदल समजत नाही हे कुठल्या आधारावर म्हटलं जातं?

२००५ साली जुलैच्या शेवटच्या आठवड्यात महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते इथे दरडी आल्या. त्यानंतर आमच्याकडच्या लोकांनी डोंगराकडे बघायची रीत बदलली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलंच तळिये गाव दरडीखाली गेलं. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सावित्रीला पूर, रस्त्यावर दरडी, वीज गेलेली, फोन बंद. मदत पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच सुमारास खेड तालुक्यात पोसरे आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव. यातल्या दोन गावांत आमच्या वाडीचे सोयरे आहेत. अशा माणसांना धोक्याचं पोस्टर दाखवायची गरज नसते.

आमच्या वाडीत आज काय चालतं ते आपल्याला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

वरच्या वरकसात एक भेग आहे. २०२१ च्या पावसानंतर ती दिसली. पोरांनी भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक बांबूची खुंटी ठोकली आहे आणि दोन्हींच्या मध्ये सुतळी बांधली आहे. पाऊस सुरू झाला की रोज सकाळी कुणीतरी वर जाऊन बघतो, सुतळी ताणली गेली का, सैल पडली का. गेल्या पावसाळ्यात ती एकदा तुटली. त्या रात्री वरच्या आळीतली घरं खालच्या आळीत झोपायला आली. देवळामागच्या झऱ्यावर पाणी भरणाऱ्या बायका पाण्याचा रंग बघतात. लाल, गढूळ आलं, किंवा भर पावसात झरा अचानक आटला, तर ती बातमी हंडा घरी पोचायच्या आत वाडीभर होते. दार चौकटीत अडकायला लागलं, विजेचा खांब कलला, आंब्याचं झाड वाकलं, या गोष्टी आम्ही एकमेकांना सांगतो. रंगाचा रिकामा सरळ डबा अंगणात उघड्यावर ठेवून त्यात पट्टी बुडवून पाऊस मोजतो. मोठ्या पावसाच्या रात्री पोरं आळीपाळीने बॅटऱ्या घेऊन जागी असतात. सातबारा, आधार, रेशनकार्ड, पोरांचे दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दाराशी टांगलेले असतात. घरांच्या वर चर खणून पाणी वहाळाकडे वळवलं आहे, आणि ते दर मे महिन्यात साफ होतात. म्हाताऱ्यांना आणि दिवस भरत आलेल्या बायकांना जूनमध्येच नातेवाइकांकडे पाठवतो.

नातेवाईक म्हणजे बहुतेक मुंबईचे. तेही डोंगरउतारावरच्या वस्त्यांत राहतात. तळियेच्या चार दिवस आधी, १८ जुलै २०२१ ला, चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीत दरड आणि भिंत कोसळून माणसं गेली. आमच्या वाडीतली एक म्हातारी त्या पावसाळ्यात सुरक्षित राहावी म्हणून विक्रोळीला लेकाकडे गेली होती. ती वाचली, पण त्यानंतर तिने मुंबईला जायचं नाव काढलेलं नाही. कोकणातला आणि मुंबईतला गरीब एकाच पावसाखाली, एकाच उताराला राहतो, हे आपल्या आराखड्यांत कुठेच दिसत नाही.

आता तक्रारी.

पहिली यादीबद्दल. पुणे जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, १५१ माणसं. गाव उरलं नाही ही पहिली खबर एका एसटी चालकाने दिली, कारण रोजच्या थांब्यावर त्याला गावच दिसेना. रायगड जिल्ह्यातली इरसाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. म्हणजे यादीत असणाऱ्याला नोटीस मिळते आणि नसणाऱ्याला तीही नाही. आमच्याकडे सर्वेक्षणाचं पथक येऊन गेलं. त्यांनी फोटो काढले, मोजमापं घेतली, भेग बघितली. अहवालात काय आलं ते आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ज्या उताराखाली मी पोरांना झोपवते, त्या उताराबद्दलचा कागद मला वाचायला मिळत नाही. तालुक्याला दोनदा विचारलं. कागद वर पाठवला आहे, असं उत्तर मिळालं.

दुसरी तक्रार इशाऱ्याबद्दल. हवामान खात्याचा लाल इशारा येतो तो अख्ख्या जिल्ह्याला, किंवा घाटमाथ्याला. खाडीकाठच्या गावाला आणि कड्याखालच्या वाडीला तोच मेसेज. जुलै-ऑगस्टमध्ये असे इशारे अनेकदा येतात. दरवेळी घर सोडायचं म्हटलं तर पावसाळाभर चूल पेटणार नाही, आणि न सोडलं तर इशारा ऐकला नाही म्हणून आमच्यावरच ठपका. डोंगरात एका दरीत ढग फुटतो आणि पलीकडच्या दरीत नुसती भुरभुर असते. महसूल मंडळाच्या ठिकाणचा पर्जन्यमापक आमच्यापासून मैलोनमैल दूर, सखल भागात. शिवाय दरड त्या एका दिवसाच्या पावसावरच ठरत नाही. आधीच्या तीन-चार दिवसांत मातीत किती पाणी साठलं यावर ठरते. ते मोजणारं आमच्या वाडीत त्या रंगाच्या डब्याशिवाय काही नाही.

हे होऊ शकतं, याचं उदाहरण देशातच आहे. केरळात वायनाड जिल्ह्यात ह्यूम सेंटर नावाची संस्था स्थानिक लोकांच्या मदतीने दोनशेहून अधिक ठिकाणी पाऊस मोजते. ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला इथे दरड आली, त्याच्या आदल्या दिवशीच या संस्थेने जवळच्या पुथुमला भागातल्या पावसाचे आकडे देऊन प्रशासनाला सावध केलं होतं. तरीही अडीचशेहून अधिक माणसं गेली. मी हे उदाहरण पूर्ण सांगते आहे, अर्धं नाही. नुसता मापक बसवून भागत नाही, त्याचा आकडा ऐकून लगेच हालचाल करायची जबाबदारी कुणाची तरी नावानिशी असावी लागते. आमच्याकडे आज मापकही नाही आणि ती जबाबदारी घेणारा माणूसही नाही.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी आहे, आणि तिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे. तात्पुरतं स्थलांतर म्हणजे आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेचे दोन वर्ग. छप्पर एका कोपऱ्यात गळतं. शौचालय एक, त्याला पाणी बाहेरून आणावं लागतं. रात्री तिथे सत्तर-ऐंशी माणसं आली की बायकांनी काय करायचं? पाळी आलेल्या मुलींनी काय करायचं? गेल्या वर्षी एका बाळंतिणीला तिथे ठेवलं होतं, तिसऱ्या रात्री ती तान्ह्या बाळाला घेऊन वाडीत परत आली. तिला धोका कळत नव्हता असं म्हणणाऱ्याने एक रात्र तिच्या जागी काढावी.

आणि गुरं? दावणीला बैल आहेत, दुभत्या म्हशी आहेत. शाळेत गुरांना जागा नाही. गुरं सोडून माणसं गेली तर पहाटे धार काढायला कुणीतरी वाडीत परतणारच, आणि परतणारी बहुतेक बाईच असते. जुलै म्हणजे भाताच्या आवणीचे दिवस. रोप काढून खाचरात लावायचे ते मोजके दिवस हुकले तर वर्षाचा तांदूळ हुकतो. म्हणजे ज्या आठवड्यांत डोंगर सर्वांत धोक्याचा, त्याच आठवड्यांत आमचं शेतात असणं सर्वांत गरजेचं. या पेचावर कुठल्याही परिपत्रकात एक शब्द मी वाचलेला नाही. आम्ही जोखीम पत्करतो ती दरडीचा धोका आणि उपाशी राहण्याचा धोका हे दोन्ही तोलून. त्या तोलण्याला अज्ञान म्हणू नका.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ३० मध्ये जिल्हा प्राधिकरणाची कामं लिहिली आहेत. आपत्तीत निवारा म्हणून वापरता येतील अशा इमारती आणि जागा आधीच हेरायच्या, तिथे पाण्याची आणि स्वच्छतेची सोय करायची, धोक्याची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभारायची आणि ती सुधारत राहायची, हे त्यात स्पष्ट आहे. नागरिकाने स्वतःची सोय स्वतः करावी, असं मला त्यात सापडलं नाही. मग नोटिशीतलं शेवटचं वाक्य कशाच्या आधारावर येतं? त्या वाक्याने आमचा जीव वाचत नाही. दुर्घटनेनंतर चौकशी झाली तर सही दाखवता येते, एवढाच त्याचा उपयोग.

कायमच्या पुनर्वसनाबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर आधीच पुष्कळ बोललं गेलं आहे. गाव गाडलं गेलं की जमीन मिळते, निधी मिळतो, मंत्री येतात. माळीणच्या लोकांना आमडे इथे २०१७ मध्ये नवं गाव मिळालं, आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, भेगा पडल्या. इरसाळवाडीच्या लोकांनी आधी कंटेनरमध्ये दिवस काढले, मग चौकजवळ घरं आली. ज्या वाड्या अजून जिवंत आहेत त्यांच्यासाठी जागेचा शोध कायम सुरू असल्याचंच कळतं. सांगितलेली जागा एकदा वनखात्याची निघते, एकदा खासगी मालकाची, एकदा शेतापासून इतकी लांब की तिथून खाचरात पोचायला अर्धा दिवस जाईल. पंधराव्या वित्त आयोगाने राज्याच्या आपत्ती निधीतला २० टक्के हिस्सा आपत्ती येण्याआधीच्या कामांसाठी, म्हणजे शमनासाठी, वेगळा ठेवायला सांगितला. आमच्या तालुक्यात त्यातून काय झालं?

शेवटची तक्रार डोंगर पोखरण्याची. रस्ता रुंद करताना उताराचा पायथा उभा कापला जातो, पाण्याला वाट ठेवली जात नाही, आणि संरक्षक भिंत पुढच्या टप्प्यावर ढकलली जाते. डबराच्या खाणींना परवाने मिळतात. चाकरमान्यांचा पैसा आला तसे वाड्यावाड्यांत जेसीबी आले आणि घरासाठी उतार सरळ कापणं सुरू झालं. किती कापलं तर चालेल हे गावात कुणालाही सांगता येत नाही, कारण सांगणारा माणूस कधी आलाच नाही. जागृती करायचीच असेल तर ती इथे करा. इथे आम्हाला खरोखर माहिती हवी आहे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सर्वेक्षणाचा अहवाल, नकाशासह, मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवावा. कुठलं घर जास्त धोक्यात, कुठलं कमी, हे भूवैज्ञानिकाने वाडीत उभं राहून सांगावं. आम्ही दाखवू त्या भेगा आणि झरे त्यांनी बघावेत आणि त्यांची नोंद घ्यावी. यादीत नसलेल्या कड्याखालच्या वाड्यांनाही हाच न्याय लावावा.

प्रत्येक दरडप्रवण वाडीत पर्जन्यमापक बसवावा. वाचन घ्यायला वाडीतल्याच दोघांना शिकवावं, पावसाळ्यापुरतं मानधन द्यावं, आणि त्यातली एक बाई असावी. त्या उतारासाठी किती दिवसांत किती मिलिमीटर झाला की वाडी रिकामी करायची, तो आकडा तज्ज्ञांनी ठरवून द्यावा. आकडा ओलांडला की तालुक्याच्या फोनची वाट न बघता वाडी हलवायचा अधिकार गावाला असावा आणि त्या रात्रीची वाहनं, जेवण, औषधं ही यंत्रणेची जबाबदारी असावी. वीज आणि नेटवर्क गेलं तरी चालेल असा भोंगा आणि वायरलेस संच द्यावा.

चालत पोचता येईल अशा सुरक्षित जागी एक पक्का निवारा मे अखेरपर्यंत तयार ठेवावा. बायकांसाठी वेगळी शौचालयं, पाण्याची टाकी, शेजारी गुरांसाठी शेड आणि पेंढा. आवणीच्या दिवसांत दिवसा शेतात आणि रात्री निवाऱ्यात असं राहता आलं पाहिजे. एवढं झालं तर आमच्या वाडीतलं प्रत्येक घर रात्री हलेल, हे मी बचत गटातल्या सगळ्या बायकांना विचारून लिहिते आहे.

कायमच्या पुनर्वसनाची जागा, निधी आणि तारीख लेखी कळवावी. जागा शेतापासून जवळ असावी, घराला गोठा असावा, आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय ती पक्की करू नये.

उताराचा पायथा कापणाऱ्या कुठल्याही सरकारी वा खासगी कामाला निचरा आणि संरक्षक भिंत झाल्याशिवाय पुढचं बिल मिळू नये. घरासाठी उतार कापणाऱ्याला तालुक्याला मोफत सल्ला मिळावा.

आणि नोटीस बदलावी. तिच्यात निवाऱ्याचा पत्ता, तिथे नेणाऱ्या वाहनाची सोय, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि फोन नंबर लिहावा. आम्ही स्वतः जबाबदार राहू हे वाक्य काढून टाकावं. तोपर्यंत आमच्या वाडीतल्या एकाही घरातून त्या कागदावर सही होणार नाही, असं बचत गटाने ठरवलं आहे आणि ग्रामसभेतही तसाच ठराव मांडणार आहोत.

दरडीत माणूस गेला तर वारसाला ४ लाख रुपये मिळतात, हे आम्हाला माहीत आहे. त्या पैशांतले थोडे आधी खर्च करा, एवढंच मागणं आहे.

या पत्राची प्रत आमदार, खासदार आणि पंचायत समितीला दिली आहे. आपलं उत्तर लेखी यावं. आषाढ लागायच्या आत आलं तर ते पत्रासोबत ग्रामसभेत वाचून दाखवू, आणि सर्वेक्षण पथक पुन्हा पाठवणार असाल तर भेगेपर्यंतची वाट दाखवायला आमची माणसं बरोबर येतील.

आपली,
दरडप्रवण यादीतल्या एका वाडीची रहिवासी
आणि महिला बचत गटाची सचिव